दाजींची बॉडी

दुधाची पिशवी आणायला म्हणून महिपती सकाळी गल्लीतून बाहेर पडला आणि चौकात त्याला स्वतःचं डोकं दिसलं.

डोकं त्याचंच होतं. पुढचे विरळ केस, भुवईवरची जुनी खोक, आणि आधार कार्डाच्या फोटोत भल्या माणसाच्याही चेहऱ्यावर येतो तो नुकतंच पकडून आणल्यासारखा भाव. पण डोकं संपून मान जिथे सुरू होत होती, तिथून खालचा माणूस त्याला अनोळखी होता. मान लिंबाच्या बुंध्याएवढी. काळा टी-शर्ट इतका घट्ट, की तो अंगावर ठेवूनच शिवला असावा. दंडावर शिरा, हातांची घडी, घडीच्या वर छातीचे दोन पाट आणि घडीच्या खाली पोट. पोट तरी कसलं, बेकरीतली पावाची लादी. त्या सगळ्या ऐवजावर महिपतीचं भित्रं डोकं, चुकून दुसऱ्याच्या घागरीवर आपलं झाकण ठेवावं तसं ठेवलेलं होतं.

भोवती सोनेरी अक्षरं होती : 'सोलापूरचा ढाण्या वाघ, आमचे लाडके दाजी मा. श्री. महिपतराव यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.'

तारीख एक जून. तो महिपतीचा खरा वाढदिवस नव्हताच. शाळेत घालताना आईला तारीख सांगता येईना, म्हणून गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांना दिलेली ती तारीख होती. ती त्याच्या घरातही कधी कुणी पाळली नव्हती. मग चौकात कुणी पाळली?

ते कळायला वेळ लागला नाही. फ्लेक्सच्या एका अंगाला महिपतीएवढाच मोठा उदयसिंह पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभा होता. उदयसिंह म्हणजे रुपालीचा, महिपतीच्या बायकोचा, धाकटा भाऊ. त्याला महापालिकेत निवडून यायचं होतं, आणि निवडून यायचं असलेल्या माणसाला सतत कुणाचा ना कुणाचा वाढदिवस लागतो. चुलत्यांचा झाला होता, भाच्याचा झाला होता. आता दाजींची पाळी आली होती.

महिपतीने तिथूनच फोन लावला.

"उदय, हे अंग कुणाचं हाय?"

"आवडलं का दाजी? गुंडाकडनं केलंय."

गुंडाचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं.

"डोकं माझं हाय ते दिसतंय. खालचं कुणाचं?"

"त्याचं काय झालं, तुमचा आधारवरचा तेवढा फोटो हुता माझ्याकडं. मग खाली अंग लावायला लागलं. गुंडाकडं लई अंगं हायत. कुर्त्याचं हाय, कोटाचं हाय, जाकिटाचं हाय. पन कुर्ता लावला आणि तुमी एकदम पुढारी दिसाय लागला की. म्हटलं, नको. एका फ्लेक्सवर दोन पुढारी झाले तर पब्लिक गोंधळात पडतंय. मग त्यानं जिमचं लावलं."

"साध्या शर्टाचं न्हवतं का?"

"साध्या शर्टाचं अंग कोन कशाला ठेवंल, दाजी?"

साध्या शर्टाचं अंग बाळगणारा माणूस त्या क्षणी चौकात तो एकटाच होता, आणि शर्टाची खालून दुसरी गुंडी पोटावर ताणून तुटायला आली होती. त्याने दूध घेतलं आणि अंगावर पिशवी धरून तो घरी आला.

महिपती नवी पेठेत गुरुशांत शेठच्या साडीच्या दुकानात गादीवर बसायचा. साड्या उलगडायच्या, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचा, निऱ्या धरून दाखवायच्या. हे काम तो इतकी वर्षं करत होता, की साडी अंगावर टाकली तरी अंगाकडे कुणाचं लक्ष जात नसे, त्याचंही नाही. उलट पोटाचा उपयोगच व्हायचा. निऱ्या त्या उतारावर फार छान बसत. शेठ नव्या पोरांना सांगायचे, "महिपतरावांच्या पोटावर साडी बघितली की बाई दुसरी बघत नाही."

त्या दिवशी मात्र बायका साडी सोडून पोट बघू लागल्या. चौकावरूनच नवी पेठेत यायचा रस्ता होता. दोन कॉलेजातल्या मुली त्याच्याकडे बघून तोंडावर ओढणी धरून हसल्या आणि काही न घेता गेल्या. मग भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गावाकडून आलेल्या केराबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई समोर बसल्या. महिपतीने हिरव्या साडीचा पदर खांद्यावर टाकला, आणि केराबाईंनी चष्मा पुसून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"त्या चौकातल्या पाटीवर हाय त्यो तुमचा धाकला भाऊ का?"

"व्हय," महिपती म्हणाला. हे सगळ्यात सोपं होतं.

"लगीन झालंय?"

"झालंय."

"मग बायकू जेवाय घालत न्हाय वाटतं. पोटाची समदी हाडं मोजून घ्यावी अशी दिसत्यात. त्याला म्हनावं, अंगावरचं तरी नीट घे जरा, पोराचं कापड घातलंय त्येनं."

पलीकडून शेठ हसले. महिपतीही हसला, पण बाई गेल्यावर तो आरशापुढे उभा राहिला. दुकानात चारी बाजूंनी आरसे होते. आजवर त्यांत त्याला फक्त साड्या दिसायच्या. आज प्रत्येक आरशातून एक एक पोट त्याच्याकडे चालत आलं.

एवढ्यावर भागलं असतं. लोक चार दिवस हसतात आणि दुसऱ्या कुणाला तरी धरतात. पण संध्याकाळी दुकानातून परत येताना महिपतीने चौकात रुपालीला पाहिलं.

ती फ्लेक्ससमोर उभी होती. हातात भाजीची पिशवी, मान जराशी तिरकी, आणि चेहऱ्यावर असा भाव, की महिपतीने तो शेवटचा कधी पाहिला होता हे त्याला आठवेना. ती डोक्याकडे बघत नव्हती. छातीकडेही नाही. तिची नजर छातीच्या खाली होती, जिथे ती पावाची लादी होती तिथे. रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा ती भानावर आली, पदर सारखा केला आणि गल्लीत शिरली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी महिपती मुद्दाम आधी येऊन रसवंतीच्या आडोशाला थांबला. ती आली, उभी राहिली, इकडेतिकडे कुणी बघतंय का ते पाहिलं, आणि मग अगदी मनापासून बघत राहिली. महिपतीच्या हातातला उसाचा रस कोमट झाला. बायको परपुरुषाकडे बघते म्हणून भांडावं, तर त्या पुरुषाच्या गळ्यावर डोकं आपलंच. कुणाकडे तक्रार करायची?

रात्री जेवताना त्याने आडून विचारलं, "फ्लेक्स कसा वाटला तुला?"

रुपालीने भाकरी वाढता वाढता हात थांबवला. "आधी तुमाला कसा वाटला ते सांगा की."

"मला काय, बरा हाय."

"बरा म्हंजे?"

"म्हंजे छपाई बरी हाय. रंग उठलेत."

"आनखी काय?"

"आनखी काय असणार?"

"कायच दिसलं न्हाय तुमाला?" असं म्हणून ती आत गेली, आणि आतून डबे आपटल्याचा आवाज आला. महिपतीला अर्थ स्पष्ट झाला. ते अंग बघून आलेल्या बाईला हे अंग समोर बसून भाकरी खाताना बघवत नव्हतं.

त्याची मुलगी संस्कृती मोबाईलमध्ये बघत जेवत होती. तिने मान वर केली. "पप्पा, पोट आत घेऊन जेवू नका. ठसका लागंल."

पुढचे दिवस महिपतीने श्वास रोखून काढले. दुकानात पोट आत ओढायचा आणि साडी दाखवायचा. पण श्वास रोखला की बोलता येत नसे, आणि बोलल्याशिवाय साडी खपत नसे. "हा रंग कसा हाय हो?" असं बाईने विचारावं आणि महिपतीने लालबुंद होऊन नुसती मान हलवावी. एका गिऱ्हाईक बाईने शेठना हळूच विचारलं, की ह्यांना साडी आवडली नसेल तर दुसरी दाखवा म्हणावं.

रात्री संस्कृती झोपल्यावर तो तिच्या मोबाईलमध्ये बघायचा. एकदा काय ते पोट कमी करायचं शोधलं, तर मोबाईलने त्याला ओळखूनच ठेवलं. उघडला रे उघडला की एकामागून एक उघडी माणसं येऊ लागली. कुणी लोखंड उचलतोय, कुणी अंड्यांचा ढीग खातोय, कुणी नुसताच स्वतःकडे बघून खूश होतोय. एकालाही पोट नव्हतं. महिपतीला वाटू लागलं, की पोटं जगातून केव्हाच गेली असावीत आणि नवी पेठेत तेवढं कळवायचं राहून गेलं असावं. त्यांतल्याच एकाने सांगितलं, की सुरुवातीला पोटाला आधार म्हणून पट्टा बांधावा. ताठपणा आपोआप येतो.

पट्टा मेडिकलमध्ये मिळतो. कोपऱ्यावर पंचाक्षरीचं मेडिकल होतं. महिपतीने गर्दी ओसरायची वाट पाहिली आणि जाऊन हळू आवाजात पोटाचा पट्टा मागितला.

"बाळंतिणीचा का?" पंचाक्षरीने विचारलं.

महिपतीच्या मागे दोघं येऊन उभे राहिले होते. त्यांच्यादेखत 'माझ्यासाठी' म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. "व्हय," तो म्हणाला.

"सीझर का नॉर्मल?"

महिपतीने क्षणभर विचार केला. कापाकापी उगाच कशाला? "नॉर्मल."

"बरं झालं. साईज?"

"मोठीच द्या."

"बाळ बरं हाय का?"

"बरं हाय," महिपती म्हणाला, आणि पुडकं छातीशी धरून बाहेर पडला. मागे उभे असलेले दोघं त्याच्याकडे फार मायेने बघत होते.

पट्टा उत्तम निघाला. शर्टाच्या आतून आवळला की महिपती खांबासारखा ताठ व्हायचा. खाली वाकता येत नव्हतं, त्यामुळे खालच्या फळीवरच्या साड्या आठवडाभर खपल्याच नाहीत, पण शेठ म्हणाले, "महिपतराव, वयानं मागं गेलाय बघा." निऱ्या मात्र आता पोटावर टिकेनात. सरळ जमिनीवर घसरायच्या. महिपतीला ते चांगलं लक्षण वाटलं. संध्याकाळी तो रुपालीच्या समोरून दोनतीनदा आडवा गेला. तिने वर पाहिलं नाही. ती अजून धुसफुसत होती, आणि चौकात जाणंही चालूच होतं.

त्या रविवारी तो दुकानातून लवकर आला, तर घरात रुपाली जमिनीवर बसली होती. तिच्यापुढे शेपूच्या हिरव्यागार जुड्या होत्या. एक नाही, दोन नाही, बाजारच मांडला होता. दारात संस्कृती उभी होती आणि तिचं हसू दाबून दाबून तिचे खांदे हलत होते.

"बसा," रुपाली म्हणाली.

महिपतीला पट्ट्यामुळे बसता येत नव्हतं. तो उभाच राहिला.

"शांतम्मा आलती." शांतम्मा गल्लीच्या तोंडाशी भाजीचा गाडा लावायची. "म्हनली, बाळंतिणीला शेपू लई चांगली असती, दूध येतंय. पैशे घेतले न्हायत तिनं. म्हनली, तुमच्या घरात बाळ आलं, मला सांगितलं पन न्हाय की गं. मी म्हटलं, कुनाचं बाळ? ती म्हनली, तुझी पोरगी तर रोज कॉलेजला जाताना दिसती, तू पन चांगली चालतीबोलती हाईस. मग तुझ्या नवऱ्यानं पंचाक्षरीकडनं पट्टा कुनासाठी नेला?"

महिपतीचा हात शर्टावरून पट्ट्याकडे गेला.

"म्हनून इचारते. ही शेपू कुनाच्या घरी पोचवायची हाय?"

"कुणाच्याच न्हाय."

"नॉर्मल झालंय म्हनं."

"रुपा, ऐकून तर घे."

"बाळ बरं हाय म्हनं."

बोलून काही होण्यासारखं उरलं नव्हतं. महिपतीने शर्टाच्या गुंड्या काढल्या आणि पट्ट्याचं टोक धरून ओढलं. चर्रर्र असा मोठा आवाज झाला, आणि इतके दिवस कोंडलेलं पोट सुटल्याच्या आनंदात बाहेर येऊन स्थिरावलं. संस्कृती दारातून पळाली. जिन्यावर तिचं हसणं बराच वेळ ऐकू येत राहिलं.

रुपाली हसली नाही. तिने पट्ट्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं. "हे कशापायी?"

"तुझ्यापायी."

"माझ्यापायी पट्टा तुमी बांधला?"

"रोज त्या फ्लेक्सपुढं उभी राहतीस ते मी बघितलंय," महिपती म्हणाला. एकदा गुंड्या काढल्यावर लाज बाळगण्यात अर्थ नव्हता. "तुझी नजर कुठं असती ते पन बघितलंय. त्या पोटावर. आता माझं हे असं हाय. पंचवीस वर्षं गादीवर बसून झालंय. मी कुठनं आनू तसलं?"

रुपालीने पट्टा उचलून बाजूला ठेवला. मग तिने विचारलं, "त्या पोटाच्या खाली काय हाय?"

"कुठं?"

"फ्लेक्सवर हो. पोटाच्या खाली."

महिपतीने आठवून पाहिलं. फ्लेक्सची छाती त्याला डोळे मिटून काढता आली असती. दंडावरची प्रत्येक शीर पाठ होती. "खाली ते गोल गोल फोटो हायत. शुभेच्छुक. उदयची पोरं."

"सगळी पोरंच हायत?"

"पोरंच की. मिशावाली."

"एक बाई हाय त्यात."

"कोण?" महिपतीने विचारलं.

तो शब्द तोंडातून बाहेर पडता पडताच त्याला कळलं, की हे विचारायला नको होतं. रुपालीने शेपूच्या जुड्या उचलल्या आणि ती आत गेली. या वेळी डबे आपटल्याचा आवाजही आला नाही.

"जन्मात पहिल्यांदा माझा फोटो चौकात लागला," ती आतूनच म्हणाली. "उदयनं गुंडाला सांगून मुद्दाम घातला. मला वाटलं, तुमी म्हनाल कायतरी. रोज वाट बघितली. इचारलं पन. तर म्हनं छपाई बरी हाय."

महिपती उघड्या पोटाने तसाच उभा राहिला. आपल्याकडे कुणी बघत नाही म्हणून तो इतके दिवस श्वास कोंडून फिरत होता, आणि बायको फ्लेक्सवर असताना तो तिच्या डोक्यावरच्या परक्या पोटाकडे बघत बसला होता. "चल," तो म्हणाला, "आत्ताच बघू."

"आता काय बघायचं?"

"चल तर खरं."

चौकात आले तर फ्लेक्सच्या सांगाड्यावर तेच अंग होतं. तोच काळा टी-शर्ट, तीच घडी, त्याच शिरा; म्हणूनच मघाशी येताना महिपतीच्या लक्षात आलं नव्हतं. फक्त वर डोकं गिरणीवाल्या चनबसप्पा आजोबांचं होतं. आजोबांनी दातांची कवळी न लावता फोटो काढला होता. 'वय हा फक्त आकडा, पंचाहत्तरीनिमित्त शुभेच्छा.' बाजूला उदयसिंह हात जोडून होताच. आपला रोजचा शर्ट शेजाऱ्याच्या अंगावर बघावा तसं महिपतीला झालं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला जरासं वाईटही वाटलं.

"आमचा कुटं गेला?" रुपालीने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

जुना फ्लेक्स सापडायला फार शोधावं लागलं नाही. शांतम्माच्या गाड्यावर नवं छत आलं होतं. काढून टाकलेला फ्लेक्स तिने चार बांबूंना बांधला होता, छापलेली बाजू खाली करून.

"आलात का," शांतम्मा म्हणाली. "बाळंतीण कशी हाय?"

"बरी हाय," रुपाली महिपतीच्या पोटाकडे बघत म्हणाली. "शेपू तिनंच खाल्ली तर चालंल न्हवं?"

महिपती छताखाली शिरला. बटाट्यांच्या वर छाती होती, कांद्यांच्या वर पावाची लादी. ती ओलांडून तो कडेला गेला. वांग्यांच्या वर गोल फोटोंची रांग होती, आणि मिशीवाल्या पोरांच्या मधोमध रुपाली होती. लाल साडी, केसांत गजरा, खाली 'सौ. रुपालीताई'. गुंडाने तिला ज्वारीच्या पिठासारखं पांढरं करून टाकलं होतं. महिपतीने मान वर करून बघितलं. पट्टा नव्हता, त्यामुळे श्वास सावकाश येत-जात होता.

"कसा आलाय?" रुपालीने विचारलं. ती वांगी निवडत होती. वर बघत नव्हती.

छान आलाय म्हटलं असतं तर भागलं असतं. "नाकाजवळचा तीळ न्हाय तुझा," महिपती म्हणाला.

तिचा हात थांबला. "गुंडानं पुसला तो. बरं झालं. त्यासाठीच तर बघाय येत हुते. बिनतिळाची किती चांगली दिसते मी."

"मला न्हाय चांगलं वाटत. तीळ पायजे."

"तुमाला काय कळतंय."

महिपतीने शांतम्माकडून भाव लिहायचा काळा मार्कर मागून घेतला. टोमॅटोचं रिकामं क्रेट पालथं घातलं आणि तो त्यावर चढला. आयुष्यात इतकं धाडसाचं काम तो प्रथमच करत होता.

"माझं छत हाय की हो ते," शांतम्मा म्हणाली.

त्याने नाकाच्या उजव्या बाजूला एक ठळक ठिपका दिला. मागे होऊन पाहिलं. समाधानाने खाली बघितलं.

रुपाली वर बघत होती. मग ती शांतपणे म्हणाली, "त्या बाजूला हाय व्हय माझा तीळ?"

शांतम्माने एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा रुपालीकडे, आणि तराजू खाली ठेवला. क्रेटवर उभ्या महिपतीच्या हातातला मार्कर तसाच राहिला. त्याने खाली बघितलं. पण तिरपं ऊन डोळ्यांवर येत होतं, तिचा तीळ काही दिसेना. तो खाली उतरला, आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, बायकोच्या अगदी जवळ जाऊन तिचं तोंड बघू लागला.

रुपालीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चेहरा जरासा वर केला.

"घाई न्हाय," ती म्हणाली. "नीट बघून घ्या."